दाताचे दुखणे आणि विम्याचे कलम

उत्तर दिल्लीतील टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. ते ज्या वाड्याच्या नावाने ओळखले जाते, तो विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि पुढे वाडा बायजाबाई शिंद्यांचे बंधू, कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव यांच्याकडे आला. मराठी सरदाराचे हे नाव आता महानगरपालिकेच्या इस्पितळाला लाभले आहे. अशा सार्वजनिक इस्पितळात दाढ काढून घेणाऱ्याला विम्याची आठवण सहसा होत नाही. ती होते खासगी दवाखान्यात, दाढेची नस काढून वर टोपी बसविण्याचा आकडा कानी पडतो तेव्हा.

आणि तेथेच अनेकांची निराशा होते. हप्ते वर्षानुवर्षे भरलेले असतात, आणि उत्तर मिळते की हा खर्च विम्यात बसत नाही. यात फसवणूक असतेच असे नाही. आपल्याकडील आरोग्यविमा हा मुळात खाटेचा विमा आहे. दात मात्र खुर्चीत दुरुस्त होतात. रुग्ण इस्पितळात निदान चोवीस तास दाखल असावा, ही साधारण अट. कमी वेळात होणाऱ्या काही शस्त्रक्रियांना तीतून सूट असते, पण किडलेली दाढ भरणे हे बाह्यरुग्णाचे काम ठरते. अपघातात जबडा मोडून दाखल व्हावे लागले, तर गोष्ट वेगळी. २०२० मध्ये आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत आजार वा इजेमुळे कराव्या लागणाऱ्या दंतोपचारांचा उल्लेख आहे. पण तो इस्पितळातील खर्चाच्या कलमात आहे. ती एक ओळ सुटी वाचणारा हमखास चुकतो.

काही पॉलिसींत बाह्यरुग्ण उपचारांची जोड मिळते. तेथेही वार्षिक मर्यादा, प्रतीक्षाकाळ आणि ठरावीक दवाखाने यांची चौकट असू शकते. म्हणून खुर्चीत बसण्यापूर्वी दंतवैद्याकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, आणि त्यात क्ष-किरण चित्र, नस काढणे, भराव व टोपी ही कामे निरनिराळी मांडून घ्यावीत. नस काढण्याचा खर्च मान्य आणि टोपीचा अमान्य, असेही घडू शकते. हा कागद विमा कंपनीस पाठवून उत्तर लेखीच मागावे. ‘सगळे मिळते हो’ हे एजंटाचे वाक्य दाव्याच्या वेळी कोणी ऐकून घेत नाही.

दिल्लीतील केंद्र सरकारी नोकरांची बाब निराळी. १९५४ मध्ये याच शहरात सुरू झालेली केंद्र सरकारची आरोग्य योजना हा विमा नव्हे, आणि दंतोपचार तीत आहेत. मात्र तेथे परतफेड ठरलेल्या दरानेच होते. वरचा फरक स्वतःच्या खिशातून जातो. दवाखाना योजनेच्या यादीत आहे काय आणि पूर्वपरवानगी लागते काय, हे आधी विचारलेले बरे.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडेच तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही, अथवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावे लागते. अशा वेळी उपचारापूर्वीचे क्ष-किरण चित्र फार उपयोगी पडते, कारण काढून टाकलेला दात कोणत्या अवस्थेत होता हे दाखविणारा दुसरा पुरावा बहुधा शिल्लक नसतो.