पडद्यावरचे पट (भाग ६) : २५ सेकंदांचं राज्य

मागच्या आठवड्यात ‘सिव्हिलायझेशन’ आणि त्याच्या भावंडांबद्दल लिहिलं. त्या खेळांत आपली पाळी संपेपर्यंत जग थांबून राहतं. नकाशाकडे दहा मिनिटं बघत बसलं, तरी कुणी चाल करून येत नाही. आजचे खेळ असे थांबत नाहीत. भिंत कुठे बांधावी याचा विचार आपण करत असतो, तेवढ्यात पलीकडचा खेळाडू लाकूड तोडतो, घोडे तयार करतो, कदाचित आपल्या दिशेने निघालेलाही असतो. या प्रकाराला रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, थोडक्यात आरटीएस म्हणतात. त्यातले इतिहासावर बेतलेले खेळ लोक इतकी वर्षं आवडीने का खेळतात, हा आजचा विषय. उदाहरण मुख्यतः ‘एज ऑफ एम्पायर्स २’चं घेतो. १९९९मध्ये आलेल्या या खेळाच्या स्पर्धा अजून भरतात. २०२२ साली त्यातली एक जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या किल्ल्यात झाली. आपल्याकडेही हॉस्टेलच्या खोल्यांत आणि सायबर कॅफेंत एका पिढीने तो मनापासून खेळला आहे.

माझं मत आधीच सांगतो. लढाईचा देखावा हे या आवडीचं खरं कारण नाही. हत्ती, तोफा, कोसळणारे बुरुज हे सगळं चार दिवसांत डोळ्यांच्या सवयीचं होतं. टिकतो तो निवडीचा ताण. काहीच पुरेसं नसतं, त्यात वेळही नसतो, आणि तरी काहीतरी ठरवावं लागतं. इतिहासामुळे ही निवड ओळखीची होते. तो नियमांत किती खोल उतरला आहे, यावर खेळ चांगला की नुसता सजवलेला हे ठरतं.

या प्रकाराचा साचा १९९२च्या ‘ड्यून २’ने घालून दिला : तळ उभारा, माल गोळा करा, फौज काढा, आणि हे सगळं एकाच वेळी करा. पुढे १९९४मध्ये ‘वॉरक्राफ्ट’ आणि १९९५मध्ये ‘कमांड अँड काँकर’ आले. तिन्ही जगं काल्पनिक. वाळवंटी ग्रह, राक्षससेना, नाहीतर भविष्यातलं युद्ध. अमेरिकेतल्या डॅलस इथल्या एन्सेंबल स्टुडिओजने हाच साचा उचलून त्यात ‘सिव्हिलायझेशन’चा इतिहास ओतला. ते शक्य झालं याचं एक कारण ब्रूस शेली. ‘सिव्हिलायझेशन’ घडवताना सिड मायरच्या जोडीला हाच माणूस होता. या नव्या खेळाचं कामापुरतं नाव ‘डॉन ऑफ मॅन’ होतं. १९९७मध्ये तो ‘एज ऑफ एम्पायर्स’ म्हणून बाजारात आला.

इतिहास निवडण्यामागचा शेलींचा विचार साधा होता. नवा खेळाडू येतानाच थोडी माहिती घेऊन येतो. काल्पनिक ग्रहावरचं अमुक यंत्र तमुक यंत्राला का हरवतं, हे पाठ करावं लागतं. लांब भाला रोवून उभ्या राहिलेल्या माणसावर घोडा घालणं धोक्याचं असतं, हे कुणी शिकवावं लागत नाही. भिंत कशासाठी, बाजार कशासाठी, मोठ्या दगडी किल्ल्याला दगड जास्त का लागतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. शेली असंही सांगत की, या खेळांसाठी लागणारी बरीचशी माहिती ग्रंथालयातल्या मुलांच्या विभागात मिळते. यात संशोधनाचा आळस नाही, मला तर ही फार शहाणी भूमिका वाटते. सगळ्यांच्या डोक्यात आधीच असलेल्या इतिहासावर उभा राहिला, तरच खेळ पहिल्या पाच मिनिटांत हाती येतो.

त्या पहिल्या पाच मिनिटांकडे जरा बारकाईने बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. सुरुवातीला आपल्याकडे एक टाउन सेंटर, तीन व्हिलेजर आणि टेहळणीला एक घोडेस्वार असतो. गाठीशी २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. नवा व्हिलेजर ५० अन्न घेतो आणि खेळाच्या घड्याळात २५ सेकंदांनी बाहेर येतो. म्हणजे हातातल्या अन्नात चौघे येतील. पण टाउन सेंटर पाचच माणसांना आसरा देतं आणि चार आधीच आहेत. म्हणून पहिल्या २५ सेकंदांच्या आत घर बांधायला घ्यावं लागतं, त्याला २५ लाकूड. घरासाठी माणूस अडकला, की तो मेंढ्यांकडून अन्न आणत नाही. अन्न आलं नाही, तर पाचवा व्हिलेजर अडकतो. टाउन सेंटर रिकामं राहिलं, तर तो वेळ कायमचा गेला. नंतर कितीही श्रीमंती आली, तरी ती २५ सेकंदं परत विकत घेता येत नाहीत.

अजून एकही तलवार निघालेली नाही, आणि खेळाडूच्या कपाळावर घाम आहे.

मग येतो युग बदलण्याचा प्रश्न. अंधारयुगातून सरंजामी युगात जायला ५०० अन्न लागतं, म्हणजे दहा व्हिलेजरांची किंमत. त्यावर आणखी एक छुपा खर्च आहे. हे संक्रमण १३० सेकंदं चालतं आणि तेवढा वेळ टाउन सेंटर एकही व्हिलेजर देऊ शकत नाही, म्हणजे पाच माणसं जन्मालाच येत नाहीत. लवकर गेलं तर शेजाऱ्याआधी तिरंदाज दारात उभे करता येतात, पण मागचं घर अशक्त राहतं. उशिरा गेलं तर घर भरलेलं असतं, पण तोवर त्याचे तिरंदाज आपल्या लाकूडतोड्यांना टिपत असतात. खेळाडू पहिल्याला ‘रश’ आणि दुसऱ्याला ‘बूम’ म्हणतात. यातलं कायमचं बरोबर असं काही नाही. प्रत्येक डावाला नकाशा नव्याने तयार होतो, त्यामुळे सोनं कुठे आहे, जंगल आडोसा देतं की नाही, यावर उत्तर बदलतं. पाठांतराला इथे मर्यादा आहे, आणि म्हणूनच हजाराव्या डावातही डोकं चालवावं लागतं.

सैन्याचे नियमही याच जातीचे आहेत. भालाईत घोडेस्वाराला अडवतो, घोडेस्वार तिरंदाजांची दाणादाण उडवतो, तिरंदाज भालाइताला जवळ येऊ देत नाही. हे चक्र बहुतेक आरटीएसमध्ये असतं. ‘एज २’ची करामत त्याच्या किमतींत आहे. भालाइताला ३५ अन्न आणि २५ लाकूड लागतं. सरदारी घोडेस्वार, म्हणजे नाइट, ६० अन्न आणि ७५ सोनं खातो. नकाशावरचं सोनं मर्यादित आहे आणि मोठ्या डावात ते संपतं. संपलं की दोन्ही बाजूंची भारी पलटण थांबते. उरतात ते बिनसोन्याचे भालाईत, हलके घोडेस्वार आणि भालाफेके. अशा उत्तरार्धात जो सोन्याच्या शेवटच्या खाणीसाठी किंवा व्यापारी गाड्यांच्या वाटेसाठी आधीच झुंजला, तो जिंकतो. रिकाम्या खजिन्याचा राजा कशी लढाई लढतो, हे इथे कुठल्याही निवेदनाशिवाय समजतं.

इतिहास नियमांत उतरतो म्हणतो, तो असा. हूणांना या खेळात घरं बांधावीच लागत नाहीत. भटकी टोळी म्हणजे काय, हे त्या एका सवलतीने सांगितलं. मंगोलांचे शिकारी ४० टक्के जलद काम करतात. २०२२मध्ये आलेल्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ या विस्तारात द्रविडियन्स, बंगालीज, गुर्जराज अशा वेगळ्या बाजू केल्या, कारण अख्ख्या उपखंडाला ‘इंडियन्स’ या एकाच नावाखाली बसवणं कुणालाच पटत नव्हतं. त्यात द्रविडियन्सना वूट्झ पोलादाचं तंत्र मिळतं. ते हाती आलं, की त्यांच्या पायदळाचा आणि घोडदळाचा वार शत्रूचं चिलखत मोजतच नाही. दक्षिण भारतातल्या या पोलादाची कीर्ती मध्ययुगात पश्चिम आशियापर्यंत पोचली होती. ज्या मुलाने ते नावही ऐकलेलं नसेल, त्याला त्याचं महत्त्व एका डावात कळेल. उलट नुसत्या पोशाखाने वेगळ्या केलेल्या बाजू आठवडाभरात कंटाळवाण्या होतात.

अन्न, लाकूड, सोनं, दगड ही चार साधनं पडद्यावर मोजलेली दिसतात. पाचवं कुठेच दिसत नाही, ते म्हणजे खेळाडूचं लक्ष. माणसाचे डोळे एका वेळी नकाशाच्या एकाच तुकड्यावर असतात. चांगल्या आणि मध्यम खेळाडूंतला फरक बहुतांशी इथे पडतो. याच कारणाने काम हलकं करणाऱ्या सोयी कुठवर द्यायच्या, हा या प्रकारातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. ‘एज २’ने रिकामा बसलेला व्हिलेजर शोधून देणारं बटण दिलं. २००० सालच्या ‘द काँकरर्स’ या विस्ताराने नापीक झालेली शेतं पुन्हा लावण्याची आगाऊ नोंद करायची सोय दिली. २०१९च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये शेतं आपोआप लागू लागली. २०२३मध्ये खेळ एक्सबॉक्सवर आला, तेव्हा व्हिलेजरांची कामं आपोआप वाटून देण्याचाही पर्याय आला. माझ्या मते मर्यादेची रेघ शेत आणि वाटप यांच्या मधे आहे. शेत पुन्हा लावण्यात विचार क्वचितच असतो, ते यंत्राने केलं तर काही हरवत नाही. कुणाला सोन्यावर पाठवायचं आणि कुणाला लाकडावर, हा मात्र डावाचा आत्मा आहे. नवशिक्याला तिथेही हात द्यावा, हे मान्य. पण ती सोय कायमची झाली, तर उरेल तो लढाईचा देखावा.

लक्ष हे साधन आहे म्हटल्यावर त्याच्यावर हल्लाही करता येतो. दोन-चार हलके घोडे शत्रूच्या लाकूडतोड्यांमध्ये घुसवायचे, दोघातिघांना मारायचं आणि मोठी तुकडी यायच्या आत निसटायचं. मेलेल्यांचं नुकसान फारसं नसतं. पण शत्रूने घाईघाईत गावाची घंटा वाजवली, सगळे व्हिलेजर आत पळाले, कामं थांबली, त्याची नजर घराकडे वळली आणि तेवढ्यात आपला मुख्य हल्ला दुसरीकडून आला. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १६९०च्या दशकात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मुघलांच्या मुख्य छावणीवर क्वचितच चालून जात. त्यांचा रोख रसद, खजिना आणि मागे-पुढे राहिलेल्या तुकड्यांवर असे.

पण नेमक्या इथेच ‘एज २’ची मोठी उणीव दिसते. १६९५मध्ये संताजींनी कासीमखानाच्या फौजेला दोड्डेरीच्या गढीत कोंडलं. ती फौज मुख्यतः उपासमारीने शरण आली. ‘एज २’मध्ये हे घडूच शकत नाही. शिपाई तयार होताना एकदा अन्न घेतो, मग जन्मभर काही खात नाही. शंभर घोडेस्वार शत्रूच्या मुलखात तासभर उभे करा, खर्च शून्य. सैन्य पोटावर चालतं, ही युद्धातली सगळ्यात जुनी गोष्ट या एवढ्या चांगल्या खेळातून गायब आहे.

इतरांनी ती पकडायचा प्रयत्न केला आहे. युक्रेनमधल्या जीएससी गेम वर्ल्डच्या ‘कोसॅक्स’मध्ये फौज सतत अन्न खाते, प्रत्येक बंदुकीच्या बाराला लोखंड आणि कोळसा खर्ची पडतो, आणि सोनं संपलं की भाडोत्री शिपाई उलटतात. हजारोंची सेना उभी करण्याची मुभा देणाऱ्या त्या खेळात ती सेना पोसणं हाच खरा डाव होतो. २००३च्या ‘राइज ऑफ नेशन्स’ने वेगळी वाट धरली. परक्या हद्दीत शिरलेलं सैन्य तिथे हळूहळू झिजत जातं, सोबत रसदगाडी असेल तरच तगतं. मग हल्लेखोराला गाडी जपावी लागते आणि बचाव करणारा नेमकी तीच शोधतो. एका नियमाने लढाईचं सगळं केंद्रच हललं. मला आजवरच्या ऐतिहासिक आरटीएसमधला हा सर्वांत सुंदर नियम वाटतो.

मराठे स्वतः हाताळायला मिळतात ते २००९च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये. तिथे राज्यकारभार पाळीपाळीने चालतो आणि लढाई तेवढी अखंड वेळात होते. डाव १७०० सालापासून सुरू होतो. म्हणजे राजाराम महाराजांच्या मृत्यूचं, साताऱ्याच्या वेढ्याचं, ताराबाईंनी सूत्रं हाती घेण्याचं ते वर्ष. मराठ्यांच्या बाजूने बसायचा आनंद मोठा आहे, पण लढाई सुरू झाली की दोन फौजा मैदानात समोरासमोर रांगा धरतात. त्या काळच्या मराठ्यांनी जे टाळलं, नेमकं तेच करावं लागतं.

१७००पासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतच्या सात वर्षांवरचा आरटीएस मला खेळायला आवडेल, आणि त्याचे नियम इतिहासाने जवळपास लिहूनच ठेवलेत. औरंगजेबाने सह्याद्रीतले किल्ले एकामागून एक घेतले. बरेचसे तोफांपेक्षा पैशांनी घेतले. पाठ फिरताच मराठ्यांनी ते परत मिळवायला सुरुवात केली. म्हणजे किल्ल्याला तटबंदीची ताकद हवी, तशी किल्लेदाराची किंमतही हवी, आणि ती त्याच्या गडावरच्या धान्याप्रमाणे चढत-उतरत राहायला हवी. मोठ्या छावणीला रोज चारा हवा, आणि तो आणणाऱ्या बैलांचे तांडे नकाशावर उघडे फिरायला हवेत. वतनाच्या आशेने बाजू बदलणारे देशमुख हवेत. आणि घड्याळात पावसाळा हवा : नद्या चढल्या की तोफांचे गाडे जागच्या जागी रुतणार, घोडी घाटातून मात्र उतरत राहणार. मुघलांच्या बाजूने खेळणाऱ्याला मृगाच्या आधी ठरवावं लागेल, वेढा उठवायचा, की किल्लेदाराने मागितलेली रक्कम मोजायची.