थोरली पाती, धाकटी पाती आणि जुना गेम

दिवाळीत देवास जिल्ह्यातल्या बागलीला ताईकडे गेले होते. साफसफाईत माळ्यावरच्या पेटीतून एक जाडजूड खोका निघाला: ‘बॉल्डर्स गेट’, साल १९९८, आत एक ना दोन, पाच सीडी. इंदूरला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा म्हणाला, “मावशी, एका गेमला पाच सीडी? आणि घालायच्या कुठे?” खरंच, त्याच्या लॅपटॉपला सीडीची फटच नव्हती. शेजारून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला आणि तिथून आमची दिवाळी रोल-प्लेइंग गेम्सच्या नावे झाली. त्या काळी डिस्कवरची जागा वाचवायला अर्धा गेम सीडीवरच ठेवायचा पर्याय असे. मग नायक एका गावातून दुसऱ्या गावात निघाला, की खेळणाऱ्याने उठून सीडी बदलायची.

दारातच अडतं ते

जुना गेम नव्या विंडोजवर चालत नाही, तेव्हा दोष बऱ्याचदा गेमचा नसतोच. नव्वदीतले कित्येक गेम ३२ बिटांचे होते, पण त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटांचा. ६४ बिटांची विंडोज १६ बिटांचं काही म्हणता काही चालवत नाही. म्हणजे घर धडधाकट, कुलूप तेवढं पणजोबांचं.

दुसरी गंमत सीडी खरी की नकली हे तपासणाऱ्या पहारेकऱ्याची. ‘सेफडिस्क’ नावाची ही व्यवस्था विंडोजच्या अगदी आतल्या खोलीत जाऊन बसायची. सुरक्षेच्या कारणास्तव २०१५ साली विंडोज १० ने तिला घरातच घेतलं नाही. परिणामी पदरचे पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडीसुद्धा नव्या मशीनवर मुकी.

आणि ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये जुना गेम टाकूच नका. व्हिस्टापासून विंडोज त्या फोल्डरमध्ये कुणाला सहजासहजी लिहू देत नाही, आणि जुन्या गेमला तर आपल्याच फोल्डरात सेव्ह ठेवायची सवय. सरळ सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करावं.

मी ते केलं. पण हौसेनं त्याला नाव दिलं ‘खेळ’. आणखी एक जुना गेम त्यात टाकला, तर पडद्यावर फोल्डरच्या जागी तीन प्रश्नचिन्हं आणि ‘फाइल सापडत नाही’. त्यात अर्धा दिवस गेला. कारण कळलं तेव्हा हसू आलं: जुने प्रोग्राम २५६ चिन्हांच्या तक्त्यावर चालत, आणि विंडोजने देवनागरीसाठी असा तक्ता कधी बनवलाच नाही. आपली लिपी विंडोज २००० मध्ये आली ती थेट युनिकोडच्या दारातून. त्यामुळे या गेमांच्या लेखी ‘खेळ’ म्हणजे तीन प्रश्न. रोमन अक्षरांत नाव दिलं, गेम गुपचूप चालला.

ठिगळ म्हणजे खरंच ठिगळ

पूर्वी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत. चूक झाली की त्या जागी कागदाचा तुकडा चिकटवायचा. ‘पॅच’ हा शब्द तिथला. आमच्या तरुणपणी तो मिळवणं हेही दिव्यच. ५६ केच्या मोडेमवर कागदोपत्री सेकंदाला ७ किलोबाइट; प्रत्यक्षात चार मिळाले तरी नवस फेडावा. दहा एमबीच्या पॅचला पाऊण तास, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. म्हणून ‘चिप’, ‘डिजिट’सारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडीची वाट बघायची.

पॅच लावून सगळं सुरळीत होईलच असंही नाही. ‘फॉलआउट २’चा पॅच आला तो जुने सेव्ह निकामी करतच, पुन्हा श्रीगणेशा. याच गेममध्ये एक मोटार मिळते आणि तिची डिकी कधी कधी गाडी सोडून स्वतंत्र संसार थाटते. युरोपातल्या आवृत्तीतून तर लहान मुलं काढून टाकली होती, पण फक्त दिसायची बंद केली. खिसे कापायचं काम ती अदृश्यपणे करतच राहिली.

सगळ्यांवर कडी मात्र २००१ च्या ‘पूल ऑफ रेडियन्स’ची. सुरुवातीच्या आवृत्तीत गेम काढून टाकायला जावं, तर तो विंडोजच्या फाइलीच सोबत घेऊन जाई. गेम नकोसा झाला म्हणून संगणकच गेला! आधी पॅच, मग निरोप, असा उलटा क्रम.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘डायब्लो २’. गेम २००० चा, १.१४ हा पॅच मार्च २०१६ मध्ये. सोळा वर्षांनी कंपनीने चौकशीला यावं, हे दुर्मीळच.

भाच्याला आवडला तो ‘डॅगरफॉल’, १९९६ चा. २००९ पासून फुकट. त्याचं जग सुमारे १,६१,६०० चौरस किलोमीटरचं. देवास जिल्हा ७,०२० चा. भाच्याने मोबाइलवर भागाकार केला. “तेवीस देवास!” अर्ध्या मध्य प्रदेशाहून मोठं. एवढ्या पसाऱ्यात जमिनीला फटी राहणारच. भुयारात चालता चालता नायक फरशीतून खाली काळ्या पोकळीत पडणं ही तिथली नित्याची बाब.

एक गेम, दोन गाद्या

माझा लाडका मात्र ‘व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’. १६ नोव्हेंबर २००४, म्हणजे ‘हाफ-लाइफ २’ आला त्याच दिवशी आला आणि त्याच्या गर्दीत चिरडला गेला. बनवणारी ट्रॉइका कंपनी फेब्रुवारी २००५ मध्ये बंद. एकच अधिकृत पॅच काय तो मागे राहिला. नव्या मशीनवर हा गेम तक्रार करतो, ‘मेमरी १५ एमबीहून कमी आहे’. भरपूर रॅम बघून गरिबी आठवणारा असा गेम विरळाच! त्याला सांभाळलं एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, वीसएक वर्षं, बिनपगारी. त्याच्या पॅचच्या दोन शाखा: ‘बेसिक’ फक्त चुका दुरुस्त करते, ‘प्लस’ कापून टाकलेले प्रसंगही परत आणते.

आता देवास जिल्ह्यात बसून हे वाचल्यावर दुसरं काय आठवणार? १७२८ पासून तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांची एकाच देवास गावात दोन राज्यं होती: थोरली पाती आणि धाकटी पाती. भाच्याला ‘प्लस’ हवा, मला ‘बेसिक’. ताईने सेव-परमलची ताटली पुढे सरकवत निवाडा दिला, “दोन फोल्डर करा, आणि भांडू नका.”

फोल्डर दोन झाले. माऊस मात्र एकच.