बरणीतलं डिझेल

सकाळी ६.४५

शटर अर्धं वर गेलं आणि ओतूरच्या बाजूने पिकअपचा आवाज आला. आळेफाट्यावर इतकी वर्षं काढल्यावर गाडी दिसायच्या आधी आवाजावरून कळतं, हिला डिझेल पोचत नाही. रेस दिली की क्षणभर उचलते, मग गुदमरते. चालवणारा पोरगा तेवीस-चोवीसचा. रात्री कल्याणला टोमॅटो उतरवून परत निघाला. मोरोशीपर्यंत गाडी सरळ आली आणि माळशेज चढायला लागल्यावर तिने दम टाकला.

"दादा, खाली गाडी, तरी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. धुक्यात मागून ट्रक येत होते. जीव मुठीत धरून आलो."

आधी त्याला चहा पाजला. आषाढात त्या घाटात बंद पडू पाहणारी गाडी वर आणणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.

७.१५

माझ्याकडे एक काचेची बरणी आहे, लोणच्याची. फिल्टर खोलायच्या आधी ती हातात घ्यायची, हा माझ्या गॅरेजचा नियम. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. तो सैल केला, खाली बरणी धरली आणि अर्धी भरल्यावर फळीवर ठेवून दिली. मग पाच मिनिटं तिला हात लावायचा नाही.

पोरगा बघत राहिला. आधी सगळं गढूळ होतं. मग हळूहळू खाली दोन बोटं पाणी उतरलं, राखाडी, भांडी घासल्यावर उरतं तसं. वर पिवळसर डिझेल. आणि दोन्हींच्या मध्ये एक काळी, बुळबुळीत साय. बोटावर घेतली तर शेवाळासारखी ताणली गेली. ती जिवंत असते. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढतात. राहतात पाण्यात आणि खातात डिझेल. फिल्टरचा कागद हीच साय बुजवून टाकते.

"डॅशबोर्डवरचा पाण्याचा लाईट लागला नव्हता का?"

"लागला होता. पण गाडी चालत होती ना."

पाणी आलं कुठून, हे विचारल्याशिवाय मी नवा फिल्टर बसवत नाही. पोराच्या घरी ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम आहे, गाडीतही त्यातूनच भरतात. ड्रम गोठ्याबाहेर उभा. उभ्या ड्रमच्या वरच्या पत्र्याला कड असते, तिथे पावसाचं पाणी थाळीसारखं साचतं. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री गार झाला की तो बाहेरून ओढून घेतो, आणि बुचाच्या आट्यांवर पाणी साचलेलं असेल तर हवेऐवजी पाणीच ओढतो. बूच कितीही आवळलेलं असो. पावसाळाभर रोज रात्री एकेक घोट आत गेला, तर दोन बोटं पाणी व्हायला वेळ लागत नाही.

८.००

टाकी रिकामी करून धुतली. नुसता फिल्टर बदलला असता तर आठ दिवसांत तो पुन्हा दारात उभा असता.

फिल्टर बसवणं तसं सोपं काम, पण बिघडतं ते बारीकसारीक गोष्टीत. जुन्या फिल्टरची ओ-रिंग बऱ्याचदा वरच्या हाउसिंगला चिकटून राहते. ती न काढता नवी वर चढवली की दोन रिंगा एकमेकींवर बसतात आणि लाईन हवा ओढायला लागते. तांब्याचे वायसर पुन्हा वापरले तरी तेच. बाहेर थेंबभर डिझेल दिसत नाही, कारण ओढीच्या बाजूला गळती बाहेर होतच नाही. हवा आत जाते. म्हणून खालून बॅटरी मारून बोट फिरवायचं, जुनी रिंग निघाल्याची खात्री करायची, नव्या रिंगेला स्वच्छ डिझेलचं बोट लावायचं. कॉटन वेस्टने पुसायचं नाही, त्याचे धागे आत जातात.

आणखी एक सवय मला मोडावी लागली. पूर्वी आम्ही नवा फिल्टर डबीतल्या डिझेलने भरून बसवायचो, म्हणजे गाडी लगेच सुरू होते. आताच्या कॉमन रेल इंजिनांना हे चालत नाही. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपाकडे जातं. आता फिल्टर कोराच बसवायचा आणि हँड प्रायमर दाबत राहायचं, तो हाताला दगडासारखा लागेपर्यंत. पोराकडूनच दाबून घेतला. साठेक वेळा दाबल्यावर म्हणाला, "आता दबत नाही, दादा." सेल्फ मारला, दुसऱ्या फेरीला गाडी लागली.

१०.००

एक गाडी आली. पाण्याचा लाईट सतत लागतो, तेवढी वायर काढून द्या, म्हणाले. मी काढून दिली नाही. पाणी काढून दिलं.

११.१०

आता आलेली गाडी अवघड. पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट कडेपर्यंत, माल नारायणगावच्या मार्केटला जायचा. ड्रायव्हर मामा साठीचे, आवाज शांत पण हात थरथरत होते. गाडी दहा-बारा किलोमीटर ठणठणीत चालते आणि चावी काढल्यासारखी बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा लागते, जणू काही झालंच नाही. महिन्याभरात दोन फिल्टर बदलले, एका ठिकाणी पंप काढायलाही सांगितलं होतं.

माल आधी दुसऱ्या गाडीत भरून रवाना केला. टोमॅटोला माझ्या निदानाची वाट बघायला लावणं बरोबर नव्हतं.

मग फिल्टरच्या आधी लाईनमध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली. हवा धरत असेल तर तिच्यात बुडबुडे दिसतात. एकही दिसला नाही. टाकीचं झाकण उघडलं; हवेचं भोक बुजलेलं असेल तर उघडताना टाकी सुस्कारा टाकते. तसंही काही नाही. मग मामांना बाजूला बसवून निघालो आणि बेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. गाडी बंद पडली त्याच क्षणी उतरून नळी पाहिली. आतून चपटी झाली होती, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. पंप जीव खाऊन ओढतोय आणि मागून काहीच येत नाही. दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांदेखत नळी हळूहळू फुगून पुन्हा गोल झाली.

म्हणजे दोष टाकीच्या आत.

१.३०

टाकी उतरवली. तळात बॅटरी मारली तेव्हा काहीतरी चमकलं. चिमट्याने बाहेर काढलं. ऑईलच्या कॅनच्या तोंडावर असतो तो चंदेरी कागद, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. कधीतरी कॅनमधून डिझेल ओतताना तो सुटून आत पडला असणार. टाकीत डिझेलबरोबर हलत फिरायचा, ओढ लागली की येऊन नळीच्या तोंडच्या जाळीला चिकटायचा. इंजिन बंद झालं की ओढ संपायची, आणि तो सुटून पुन्हा मोकळा व्हायचा.

मामा तो कागद तळहातावर घेऊन बराच वेळ बसले होते. महिनाभर ही गाडी कुठे बंद पडेल या धास्तीने ते रात्रीचे निघतच नव्हते. "मिस्त्री, माझ्या हातूनच पडला असेल हो," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, मामा, सापडला ना, झालं.

२.४५

भाकरी, मिरचीचा ठेचा, पिठलं. हाताचा डिझेलचा वास भाकरीला लागतो, इतक्या वर्षांत गेला नाही.

३.३०

दोन दिवसांपासून उभी असलेली गाडी आज उघडली. मालकही आले होते. फिल्टर काढला आणि पत्रा कापायच्या कात्रीने कडेने कापला. करवत वापरत नाही, करवतीचाच चुरा आत मिसळतो आणि मग कोणता चुरा कुणाचा ते कळत नाही. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या. घडीघडीत चांदीची पूड. पंपातून रेलमध्ये आणि रेलमधून रिटर्नने टाकीत जाऊन परत आलेलं लोखंड.

हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑईल नसतं. त्याचं वंगण म्हणजे त्यातून जाणारं डिझेलच. त्यात पाणी आलं किंवा फिल्टर तुंबून डिझेल कमी पडलं, की धातूवर धातू घासतो. इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या असतात; माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो. या पुडीतला सगळ्यात बारीक कणसुद्धा तिथे धोंडा आहे. आता पंप, रेल, चारही इंजेक्टर, टाकी, लाईन, सगळंच. लाखाच्या घरात जाणारा खर्च.

हे सांगताना माझा आवाज दर वेळी खाली जातो. मालकांनी गाडी हप्त्यावर घेतलेली, मुलगी कॉलेजला. फिल्टर कधी बदलला होता, ते त्यांना आठवेना. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर लिहिलेले असतात; ते पुस्तक डॅशबोर्डमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीसकट तसंच होतं. काय वाचवता येईल ते तपासून सांगतो, इंजेक्टर आधी टेस्टिंगला पाठवू, म्हटलं. खोटी आशा दाखवली नाही.

५.३०

हाताखालचा पोरगा चालू इंजिनवर इंजेक्टरचा नट सैल करायला पाना लावत होता. ओरडलो. जुन्या मिस्त्रींना पाहून शिकलाय. तेव्हा आम्हीही असंच एकेक नट सैल करून मिसिंग शोधायचो आणि एअर काढायचो. पण त्या पंपांचं प्रेशर काहीशे बार. या रेलमध्ये ते १६०० बारपर्यंत जातं. पिकअपच्या मागच्या चाकात साधारण चार बार हवा, त्याच्या चारशेपट. ती धार कातडी फाडून आत शिरते, बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत डिझेल पसरत जातं. बोटं कापावी लागतात. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ थांबायचं, मगच पाना. त्याला समोर बसवून दोनदा वदवून घेतलं.

७.२०

सकाळचा पोरगा आला. आज पुन्हा कल्याणची खेप होती, ओतूरला माल भरायला जाताना हिशेब करायला थांबला. गाडीचा आवाज स्वच्छ. टाकी पंपावर भरून घेतलीय, म्हणाला. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी सुटतं, हे सकाळी सांगितलेलं त्याच्या लक्षात राहिलं होतं.

पैसे दिल्यावरही घुटमळला. नजर फळीवर होती. दिवसभर कुणी न हलवल्यामुळे बरणीतलं पाणी आता नितळ झालं होतं, आणि मधली काळी रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

"दादा, ही नेऊ का? ड्रम आडवा करा म्हणून सांगितलं तर वडील ऐकायचे नाहीत. त्यांना दाखवतो."

झाकण घट्ट लावलं, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सीटखाली दोन फडक्यांच्या मध्ये नीट उभी करून दिली.