चक्का आणि दीर्घिका

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या बेळगावच्या घरी चक्का टांगलेला असतो. खुंटीला फडकं, खाली पातेलं, आणि थेंब थेंब पाणी. त्याच वेळी मी गाडीच्या डिकीत दुर्बीण, तिचं स्टँड, एक जुनी बॅटरी आणि हेअर ड्रायर भरत असतो. आईचं वाक्य ठरलेलं: "सणाच्या तोंडावर, अमावास्येचं रानात जायालास, शोभतंय काय?"

शोभत नाही. पण फाल्गुनी अमावास्या सोडवतही नाही. चंद्र नाही, पाऊस लांब, ऊसतोड आटोपत आल्यामुळे फडांचा धूरही विरलेला. मे उजाडला की वळिवाचे ढग, जूनपासून तर आभाळ दिसायचीच मारामार.

जायचं असतं जांबोटी रस्त्याला, ओळखीच्यांच्या काजूच्या बागेत. शहराचा उजेड तिथे पाठीशी राहतो आणि दक्षिणेला भीमगडचं जंगल, म्हणजे एकही दिवा नाही. ही बाग मिळण्याआधी दोन वर्षं मी निपाणीत मामाच्या गच्चीवर झटलो होतो. तिथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 16 अंशांवर, म्हणजे नेमका शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे. त्याच्याकडे रोख धरल्याशिवाय स्टँड जुळत नाही. कुणी जिना चढलं की स्लॅब हलायचा आणि फोटोतली प्रत्येक चांदणी शेपूट काढायची. मामी वर येऊन म्हणायची, "एवढ्या लांबचं फोटो काढालास, जवळचं काय दिसत न्हाई व्हय तुला?"

खरी अडचण मात्र दिव्यांची होती. जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड वर्णपटाच्या थोड्याशा भागात गोळा झालेला असे, तेवढा भाग फिल्टर लावून बऱ्यापैकी अडवता यायचा. पांढरे एलईडी आले आणि उजेड सगळ्या रंगांत पसरला. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र प्रकाश, तोही सगळ्या रंगांचा. मग फिल्टरने अडवायचं काय आणि सोडायचं काय? चमकत्या वायूचे तेजोमेघ शहरातूनही खास फिल्टर लावून टिपता येतात. दीर्घिकेसाठी अंधारातच जावं लागतं, दुसरी वाट नाही.

"तुमची दुर्बीण किती मोठं करून दाखवते?" असं लोक हमखास विचारतात. देवयानी दीर्घिका आभाळात सहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी लांब आहे. मोठं करायची गरजच नाही, ती फिकी आहे एवढंच. माझ्या दुर्बिणीचा आरसा 150 मिलिमीटरचा. अंधारात आपली बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते, म्हणजे आरसा डोळ्याच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. शिवाय डोळा प्रकाश साठवत नाही, क्षणाक्षणाला पाटी पुसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर दोन-दोन मिनिटं साठवत बसतो.

या दोन मिनिटांत पृथ्वी थांबत नाही. आभाळ दर सेकंदाला 15 विकलांनी सरकतं; विकला म्हणजे अंशाचा अगदी बारीक भाग. माझ्या जोडणीत एक पिक्सेल साधारण एका विकलेचा, म्हणजे मोटर बंद पडली तर एका सेकंदात तारा पंधराएक पिक्सेल ओलांडून जातो. म्हणून दुर्बिणीपेक्षा तिच्या स्टँडवर जास्त पैसे घालवावेत असं माझं मत आहे. नवशिके नेमकं उलटं करतात. मीही केलं होतं.

आता दोन मिनिटांचा पहिला फोटो लॅपटॉपवर बघा. राखाडी, दाणेदार पडदा, मध्ये एक डाग. हा सेन्सरवर लागलेला बोटाचा ठसा नव्हे याची खात्री व्हायलाही वेळ लागतो. असे साठ-सत्तर फोटो काढायचे. सॉफ्टवेअर त्यांतले तारे एकमेकांवर बसवतं आणि प्रत्येक पिक्सेलची सरासरी काढतं. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, दाणे मात्र दर वेळी नव्या जागी पडतात. त्यामुळे सरासरीत दाणे गळतात, दीर्घिका राहते. फोटो चौपट केले की दाणे निम्मे होतात, शंभर फोटोंत दहावा हिस्सा उरतो. चक्काच तो. घाई करून फडकं पिळलं तर श्रीखंड पाणचट होतं, हे आईने मला दुर्बिणीच्या कितीतरी आधी शिकवलंय.

सेन्सरवरच्या धुळीचा बंदोबस्त पहाटे. उजाडू लागलं की दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा बनियन ताणून बांधायचा आणि एकसारख्या उजेडाचे वीस-तीस फोटो काढायचे. त्यांत धुळीचे काळसर गोल डाग उमटतात. मूळ फोटोला या फोटोंनी भागलं की डाग जातात. बनियन जुना, धुऊन विटलेला असावा; नवा निळसर झाक मारतो.

माझं लक्ष्य असतं नरतुरंग तारकासमूहातली एनजीसी 5128 ही दीर्घिका. एक-दीडच्या सुमारास ती दक्षिणेला सर्वांत वर येते, बेळगावहून 31 अंशांवर. दिल्लीत ती जेमतेम 18 अंशांपर्यंत चढते आणि लंडनमध्ये उगवतच नाही. 1826 साली जेम्स डनलॉपने ती ऑस्ट्रेलियातून नोंदवली. पुढे खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल 1834 ते 1838 अशी चार वर्षं दक्षिण आफ्रिकेत राहिले आणि तिला दुभागणारा काळा पट्टा त्यांनी टिपून ठेवला. 'एनजीसी' ही यादी 1888 सालची. तिचा पायाही त्यांच्याच 1864 च्या यादीचा.

या हर्शेलांचा मुलगा आपल्या भागात येऊन गेलाय, हे इथे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याचंही नाव जॉन. हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यातला लेफ्टनंट. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी तो बेळगावच्या ईशान्येला पटवर्धनांच्या जमखंडीत दुर्बीण लावून बसला. दुर्बीण पाच इंची, म्हणजे माझ्यापेक्षा लहान, आणि तिला फिरवायला घड्याळाची यंत्रणा. ऑगस्टमधलं आभाळ, ढग असायचेच. ढगांच्या फटीतून त्याला सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात तीन ठळक रेषा दिसल्या: लाल, नारिंगी, निळी. ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे त्यावरून कळलं. त्यातली नारिंगी रेषा पुढे हेलियमची ठरली. पृथ्वीवर तो वायू सापडायला 1895 साल उजाडलं.

ग्रहणाखेरीज त्याच्याकडे दुसरंही काम होतं: इंग्लंडातून न दिसणाऱ्या दक्षिणेकडच्या तेजोमेघांचे वर्णपट तपासणं. काही तेजोमेघ वायूचे आहेत हे 1864 साली कळलं होतं, देवयानीचा वर्णपट मात्र ताऱ्यांसारखा सलग दिसत होता. देवयानीसारखे ठिपके आपल्याच आकाशगंगेतले की पलीकडचे, हा वाद ऑक्टोबर 1923 मध्ये एडविन हबलला देवयानीत रूपविकारी तारा सापडल्यावर निवळला. दक्षिणेचं आभाळ बघायला धाकट्या हर्शेलला सात समुद्र ओलांडावे लागले, मला काजूची बाग पुरते.

तीनच्या सुमाराला चोर्ल्याकडून गार, ओलं वारं चढतं. दुर्बिणीतल्या छोट्या आरशावर दव धरतं आणि तारे कापसाच्या बोंडांसारखे फुगतात. हेअर ड्रायर त्यासाठी. मागच्या खेपेला बॅटरीने नेमकी तेव्हाच मान टाकली. 71 फोटोंतले 54 कामाचे निघाले.

सकाळी गुढी उभारून झाली, तेव्हा लॅपटॉपचं काम संपत आलं होतं. पडद्यावर धुकट, पिवळसर गोळा आणि त्याच्या मधोमध आडवा, फाटक्या कडांचा काळा पट्टा. या मोठ्या दीर्घिकेने कधीकाळी एक चकतीसारखी दीर्घिका गिळली, तिची धूळ अजून मधोमध फिरते आहे. हा प्रकाश 1 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी निघालेला.

आई श्रीखंडाचा वाडगा घेऊन मागे उभी राहिली. "छान आलंय की. हे मधी काळं काय?"

"धूळ."

"मग पूस की."