कागदाची कमान आणि खळ

मुंबईची गेटवे ऑफ इंडिया ही कमान १९२४ सालीं पुरी झाली. तिची उंची सुमारें २६ मीटर, मधल्या घुमटाचा व्यास सुमारें १५ मीटर. दोनशेंस एक या प्रमाणानें कागदी प्रतिकृति केल्यास ती १३ सेंटिमीटर उंच होते व घुमट साडेसात सेंटिमीटरांचा भरतो. आंकडेमोड सोपी, परीक्षा चिकटविण्यांत आहे.

माझ्या एका विद्यार्थ्यानें दोन महिने खपून ही कमान केली होती. मैद्याची खळ सढळ हातानें लाव, असें मींच सांगितलें. सकाळीं पाहतों तों भिंती पन्हाळीसारख्या वळलेल्या आणि घुमट बसलेला! चूक माझी, हें वर्गांत कबूल करावयास मला चार दिवस लागले.

कारण असें कीं, पाण्यानें कागदाचे तंतु लांबीपेक्षां जाडींत अधिक फुगतात. म्हणून कागद एकाच दिशेस ताणला जातो. खळींत व डिंकांत पाणी फार. हल्लींच्या पांढऱ्या गोंदांतहि तें असतेंच, पण तो थोडका पुरतो. काडीच्या टोकानें पातळ थर द्यावा, बोटानें नव्हे. किंचित् सुकला कीं कडा जुळवून वीस अंक मोजेपर्यंत दाबाव्या. रबरी गोंदानें कागद वळत नाहीं खरा, परंतु कांहीं वर्षांनीं तो पिवळा पडून सुटतो.

घुमटाच्या पाकळ्या कापण्यापूर्वीं कागद दोन्हीकडून वाकवून पाहावा. ज्या दिशेस तो सहज वळेल, ती पाकळीच्या लांबीकडे ठेवावी.

त्या मुलानें पुढच्या वर्षीं दुसरी कमान केली. ती माझ्या कपाटांत आहे. घुमट अजून उभा आहे.