पोळीचा नवा पार्टनर : सातू!

बोनकोड्यातून सकाळी डबा घेऊन कोपरखैरणे स्टेशन गाठायचं आणि थेट दुपारी एसी ऑफिसात तो उघडायचा. तेव्हा पोळी मऊच हवी ना बॉस? हेल्थ कॉन्शस मंडळींची गोची होते ती इथेच. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला की कणकेत सातूचं, म्हणजे जवाचं पीठ शिरतं. पोळी होते चामट. मग आठवड्याभरात सातू डब्यात बंद आणि आपण कॅण्टीनमध्ये वडापावसमोर!

गडबड आहे कणकेच्या आतल्या केमिस्ट्रीत. गव्हातल्या ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांना पाणी लागलं की ग्लुटेनचं लवचीक जाळं विणलं जातं. पोळी पातळ लाटली जाते, वाफ धरून फुगते, ती त्याच्याच जिवावर. सातूतलं होर्डिन असं जाळं विणत नाही. वर त्यातला बीटा-ग्लुकॅन हा तंतू पाणी पिऊन बसतो आणि ग्लुटेन तहानलेलंच राहतं. रिझल्ट? गोळा घट्ट, कडा फाटक्या, पोळी फुगेना.

सो, सातूला आधी ट्रीटमेण्ट द्या! दाणे मंद आचेवर खमंग भाजून मगच दळून आणा. भाजल्याने कणीक काळपट करणारी एन्झाइम्स थंडावतात, कच्चट वासही जातो. दुसरा फंडा बोनकोड्यासारख्या आगरी गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे : उकड. तांदळात ग्लुटेन नाही, म्हणून भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात घालतात. स्टार्च फुलतो, पीठ धरून राहतं. सातूच्या पिठाचीही अशीच उकड काढा, निवली की कणकेत मळा.

प्रमाण? चार वाट्या कणकेला एक वाटी सातू. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त आणि गोळ्याला अर्धा तास आराम. विकतचं ‘सातूचं पीठ’ घेताना पाकीट वाचा; त्यात बरेचदा डाळं आणि गहूच असतात.

आता हिशेब. अमेरिकेच्या एफडीएने २००६ मध्ये सातूला हृदयाच्या आरोग्याचा दावा करायची परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन पोटात जाणार असेल तर. अशा चार पोळ्यांतून मिळतं जेमतेम १ ग्रॅम. म्हणजे बाकीचं ओट्स किंवा सातूच्या सूपमधून भरून काढायचं, आणि डॉक्टरांची गोळी चालूच ठेवायची. सिलिअ‍ॅकचा त्रास असणाऱ्यांनी मात्र सातूपासून लांबच राहावं; तिथे होर्डिनही त्रासच देतं.

बाकीच्यांनी उद्याच्या डब्यात ट्राय करून बघाच!