भाताची शितं आणि शेणकिडे

सकाळी ९. शटर वर जायच्या आत पायरीवर मोती आणि त्याच्या मालकीणबाई. "डॉक्टर, ह्याच्या शेपटीखाली भाताची शितं चिकटल्यात." वाकून बघितलं तर त्यातलं एक शीत हळूच लांब झालं, पुन्हा आखडलं. पट्टकृमीचे तुकडे ते. पिसवा चावल्या की कुत्रं अंग कुरतडतं, त्यात एखादी पिसू पोटात जाते आणि तिच्यातला जंत आतड्यात वाढतो. गोळी दिली. "पिसवांचं औषध पुढल्या वेळी बघू." म्हटलं, मग पुढल्या वेळी शितंही घेऊन या. घेतलं मग.

११. फोन. पिल्लानं झुरळ खाल्लं. घरात झुरळांचं औषध ठेवलंय का? नाही? मग झोपू द्या त्याला. पावसाळ्यात असे फोन रोजचेच.

१२.४०. डबा उघडला तोच रिक्षातून लॅब्रॅडोर उतरवला. गांधीलमाशीवर झडप घातलेली. जीभ दातांबाहेर, ओकाऱ्या, हिरड्या पांढऱ्याफटक, पाय लटपटत होते. काटा शोधत बसलो नाही. तो मधमाशीचा राहतो, गांधीलमाशीचा नाही. ॲड्रिनॅलिन, सलाईन, ऑक्सिजन. वीसेक मिनिटांनी हिरड्या गुलाबी झाल्या, तेव्हा घरच्यांना विचारलं, इतका उशीर का? "हळद लावली, मग दूध पाजत होतो." सुजलेल्या घशातून दूध फुप्फुसात जायचं, हे मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. पुन्हा रिॲक्शन येऊ शकते, म्हणून संध्याकाळपर्यंत ठेवून घेतला.

४. गोठ्यावरचा काळू. महिनाभर भाकरी गिळतो आणि तशीच बाहेर टाकतो, वाळत चाललाय. मला भीती याचीच वाटते. शेणकिड्यात स्पायरोसर्का नावाच्या जंताची अळी असते. कुत्र्यानं किडा खाल्ला की ती जठरातून रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, तिथून अन्ननलिकेत जाऊन गाठ करते. काही गाठी पुढे कॅन्सरच्या होतात. एक्स-रेत छातीत सावली दिसली. दुर्बिणीनं तपासायला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी दिली. मालक म्हणाले, "शेणातला किडा एवढासा, डॉक्टर." काळू टेबलाखाली एका मुंगीकडे टक लावून बसला होता.

रात्री ८. लॅब्रॅडोर स्वतःच्या पायांनी घरी गेला. डबा आता पुन्हा उघडला, पिठलं गार.

तोंडात डंख बसला तर कुत्र्याला काही पाजू नका. उचला आणि थेट दवाखाना गाठा.